गाडी चाकांवर राहू द्या

वाचकाचे पत्र : वडिलांनी 1978 साली नवी घेतलेली प्रीमियर पद्मिनी विलेपार्ले पूर्वेला आमच्या इमारतीच्या गॅरेजमध्ये 2008 पासून उभी आहे. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. पंधरा वर्षांवरच्या गाड्यांना आता बंदी आहे, तेव्हा ती भंगारात द्यावी, असे धाकट्या भावाचे म्हणणे आहे. मी नुकतीच बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली असून गाडी स्वतः पूर्ण सुटी करून एकेक भाग नव्यासारखा करावा, असे माझ्या मनात आहे. पान्यांचा चांगला संच आहे, वेल्डिंग येत नाही. इमारत पुनर्विकासाला जाणार असल्याने गॅरेज फार तर दोन वर्षे हाताशी राहील. गाडी मुळात फिकट निळी होती, 1990 च्या सुमारास वडिलांनी ती पांढरी करून घेतली. आईच्या आठवणीत मात्र ती निळीच आहे. मी काय करावे? — एक वाचक, विलेपार्ले

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा माझे मत एकच झाले. गाडी भंगारात देऊ नका, आणि ती पूर्ण सुटीही करू नका. आपल्याला यातला दुसरा सल्ला पहिल्यापेक्षा जड जाईल याची मला कल्पना आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. पण आधी आपल्या भावाच्या शंकेचे उत्तर द्यायला हवे, कारण त्यांच्या सहीवाचून आपले पुढचे पाऊल पडणार नाही.

पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरील ज्या बंदीविषयी त्यांनी ऐकले असेल, ती दिल्ली आणि तिच्या आसपासच्या प्रदेशातली आहे. महाराष्ट्रात खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडीची तपासणी होऊन आणि पर्यावरण कर भरून ती दर वेळी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. मुंबईत वीस वर्षांची मर्यादा आहे ती टॅक्सींना. त्याच नियमाने 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदलेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून तिच्या निरोपाच्या इतक्या बातम्या आल्या की, पद्मिनी ही गाडीच आता बेकायदा झाली असा अनेकांचा समज झाला. तो बरोबर नाही.

आपली खरी अडचण वेगळी आहे. गाडी अजून वडिलांच्या नावावर आहे आणि तिच्या नोंदणीची मुदत केव्हाच संपली असणार. वारसाच्या नावे हस्तांतरणासाठी नमुना 31 चा अर्ज करावा लागतो, आणि तो मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत होणे अपेक्षित असते. आपल्याला उशीर झाला आहे, तेव्हा विलंबाचा दंड पडेल. तो भरून मोकळे व्हा. आई आणि भाऊ या दोघांचीही ना हरकत लेखी घ्या. घरातल्या वस्तूवर पैसा आणि श्रम खर्च झाल्यावर तिच्या मालकीचा विषय निघाला तर तो फार कडवट होतो. आज गाडीची किंमत भंगाराएवढी धरली जात असताना तो सहज मिटेल. कागद हाती आल्यावर नोंदणी पुस्तिकेतला चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरच्या क्रमांकांशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा आणि दोन्हींचे छायाचित्र काढून ठेवा. पुढे पत्राकाम करणाऱ्याने त्या जागी ग्राइंडर फिरवला तर गाडीची ओळखच पुसली जाईल.

2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळू शकतो. आपली गाडी 2028 मध्ये त्या वयाची होईल. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आहे आणि ती दहा वर्षे चालते. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, तसेच पेट्रोल भरणे आणि देखभाल, एवढ्याच कारणांसाठी ती रस्त्यावर आणता येते. आईला घेऊन सकाळी दादरला जाऊन यायचे असेल, तर साधी पाच वर्षांची नोंदणीच आपल्या कामाची. तरीही त्या नियमातली एक अट आतापासून लक्षात ठेवा : गाडीच्या सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. दुसऱ्या गाडीचे डिझेल इंजिन बसवून देतो असे सांगणारे मिस्त्री आपल्याला नक्की भेटतील. त्यांना नम्रपणे नाही म्हणा.

आता मुख्य विषयाकडे येतो. मी स्वतः 1996 साली माहीमला भाड्याने घेतलेल्या गॅरेजमध्ये एक जुनी फियाट अकराशे, आपण जिला प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हणतो ती, एका मे महिन्यात शेवटच्या स्क्रूपर्यंत उघडली. काम उत्साहाने आणि नीट केले होते. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी होती. सात महिन्यांनी मालकाने गॅरेज परत मागितले. चाकांविना उभा असलेला सांगाडा लाकडी ओंडक्यांवर होता, इंजिन एका नातेवाइकाकडे गेले, दारे दुसऱ्याकडे, डबे तिसऱ्याकडे. त्या हलवाहलवीत दारांच्या बिजागऱ्यांखालच्या पातळ चकत्या हरवल्या, आणि पाच वर्षांनी गाडी पुन्हा जुळवली तेव्हा चारही दारे चौकटीत नीट बसेनात. हरवलेल्या चकत्यांपेक्षा मला ती पाच वर्षे अधिक सलतात, कारण त्या काळात जिच्यासाठी गाडी करत होतो ती माझी आजी गेली. आपण आईचा उल्लेख केला आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

तेव्हा माझी एकच विनंती आहे : गाडी चाकांवर राहू द्या. कोणताही भाग उघडताना स्वतःला विचारा की, उद्या गॅरेज रिकामे करायची नोटीस आली, तर पंधरा दिवसांत ही गाडी ढकलत का होईना, फाटकाबाहेर जाईल का? उत्तर होकारार्थी असेल तरच पाना हातात घ्या. एका वेळी एकच काम उघडा, पूर्ण करा, बसवा आणि मगच पुढच्या कामाकडे वळा. मुंबईत ज्याच्याकडे वर्षानुवर्षे टिकणारी स्वतःची शेड नाही, त्याच्यासाठी मला तरी दुसरी पद्धत दिसत नाही. आपल्या पत्रातली ‘दोन वर्षे’ ही मुदत बांधकाम व्यावसायिकाच्या सोयीने पुढेमागे होणार, हे आपणही जाणता.

या क्रमात ब्रेक सर्वांत आधी येतात. इतकी वर्षे उभ्या असलेल्या गाडीचे ब्रेक चाकाला धरून बसलेले असतात. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषून घेते आणि त्या पाण्याने चाकातले सिलिंडर आतून गंजतात. पद्मिनीला चारही चाकांना ड्रमचे ब्रेक आहेत, त्यामुळे काम सोपे आहे, पण दोन गोष्टींत हयगय नको. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेकच्या अस्तरात, ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून चाला. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडके पिशवीत बांधून टाका. आणि निव्वळ जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. दोन्ही बाजूंना पक्के स्टँड लावून, गाडी हाताने हलवून पाहिल्यावरच खाली जा. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर आणि रबरी नळ्या सरसकट बदला, धातूच्या नळ्या गंजल्या असतील तर त्याही. इथे काटकसर करू नये.

चाके मोकळी झाली की इंजिनाकडे जाता येईल. बॅटरी जोडून किल्ली फिरवण्याचा मोह होईल, तो आवरा. चारही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे इंजिन ऑईल सोडा आणि आठ दिवस तसेच राहू द्या. मग गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हलक्या हाताने पुढेमागे ढकला. इंजिनाच्या पुढची, पट्ट्याची पुली फिरताना दिसली, तर पिस्टन मोकळे आहेत. ती फिरली नाही तर जोर करू नका; पुन्हा तेल सोडा, पुन्हा थांबा. रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असताना दिलेला एक झटका इंजिन उघडायला लावतो. इंजिन फिरू लागल्यावर जुने ऑईल काढून नवे भरा आणि कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, तपासा. चार सिलिंडरच्या आकड्यांत फार तफावत असेल, तर ज्यात दाब कमी आहे त्यात चमचाभर ऑईल घालून पुन्हा मोजा : दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, तसाच राहिला तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. हे 1089 सीसीचे साधे, सोशिक इंजिन आहे. ते उघडावेच लागेल असे आधीपासून धरून चालू नका.

पेट्रोलचा विषय मात्र आपल्या वडिलांच्या काळापेक्षा बदलला आहे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या पद्धतीचे रबर त्याने फुगते, मऊ पडते किंवा तडकते. पेट्रोल पंपाचा पडदा, नळ्या आणि कार्ब्युरेटरची वॉशर इथेनॉल सोसणारी घ्या. तरतरीत नवी दिसणारी पण वीस वर्षे दुकानात पडून असलेली नळी घेऊ नका. इथेनॉल टाकीच्या आतला जुना राळेसारखा थर सुटा करते आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो, शिवाय ते पाणी ओढून घेते. म्हणून टाकी काढून रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याकडून आतून स्वच्छ करून घ्या आणि पावसाळ्यात अर्ध्या टाकीने गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. रिकामी टाकी निरुपद्रवी वाटते, पण तिच्यातली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक स्फोटक असते. ती गॅरेजमध्ये झाळायचा प्रयत्न कोणालाही करू देऊ नका. गॅरेजमध्ये इंजिन चालू करताना दार सताड उघडे ठेवा आणि आग विझवायचे पावडरचे नळकांडे हाताशी असू द्या.

वायरिंगबद्दल थोडक्यात सांगतो. जुन्या वायरींचे वेष्टण कडक होऊन तडकलेले असते, तेव्हा जोडे मारत बसण्यापेक्षा रंग जुळवून पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा सगळा जुडगा, नवा बनवून घ्या आणि प्रत्येक अर्थिंगची जागा पत्र्यापर्यंत घासून स्वच्छ करा.

गंजाविषयी मात्र मला थांबून लिहायचे आहे, कारण मुंबईत जुनी गाडी तिथे मरते. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही; तळ, दारांखालचे उंबरे, खांब आणि टप मिळूनच तिचा सांगाडा होतो. म्हणून उंबरा गंजला की गाडीचा कणाच ढिला होतो. फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक घेऊन सगळ्या अंगावरून फिरवा. जिथे तो धरत नाही, तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग पायाखालच्या मॅट उचलून तळ, डिकीत स्टेपनीखालचा पत्रा, दारांच्या खालच्या कडा, पुढच्या काचेच्या रबराखालची पट्टी आणि मागचे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथे अडकतात त्या जागा स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहा. टोक आत गेले तर वाईट वाटून घेऊ नका. ते आज कळले हे चांगले. पाट्यांच्या जागा आणि उंबरे शाबूत असतील, तर बाकीचा गंज कितीही भयंकर दिसला तरी तो पैशांचा प्रश्न आहे. त्या दोन जागा गेल्या असतील, तर अनुभवी माणसाला दाखवल्याशिवाय पुढे एक रुपयाही घालू नका.

आपल्याला वेल्डिंग येत नाही हे आपण मोकळेपणाने लिहिले आहे, आणि उंबरे बदलण्याचे काम शिकाऊ हाताचे नव्हे. पत्राकामाचा जाणता मिस्त्री घरी बोलवा. गाडी समतल आधारावर ठेवून, दारे बसवलेली असतानाच, एका वेळी एकाच बाजूचा उंबरा कापायचा, आणि कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी टाकून ती धरून ठेवायची. ही अट त्याला आधीच सांगा. जो मिस्त्री दोन्ही बाजू एकदम कापू म्हणेल, किंवा जुन्या गंजावरच नवा पत्रा चढवून लांबी ओढू म्हणेल, त्याला चहा पाजून परत पाठवा. काम सुरू असताना बॅटरी सोडवलेली असावी आणि पेट्रोलची टाकी गाडीतून काढून लांब ठेवलेली असावी.

समुद्राची खारी हवा आणि पावसाळ्यातला ओलावा यांमुळे आपल्याकडे उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. म्हणून संध्याकाळपर्यंत प्रायमर लागेल, तेवढाच भाग सकाळी घासा. शिवाय साधा प्रायमर पाणी रोखत नाही. तो सच्छिद्र असतो. ‘प्रायमर लावून ठेवली आहे, रंग पावसाळ्यानंतर’ असे म्हणून ठेवलेल्या गाड्या मी ऑक्टोबरमध्ये खालून पुन्हा गंजलेल्या पाहिल्या आहेत. तेव्हा वर्ष मोसमाप्रमाणे वाटून घ्या. जून ते सप्टेंबरमध्ये ब्रेक, इंजिन, वायरिंग, सीटचे काम. दिवाळीनंतर कोरडी हवा सुरू झाली की पत्रा, आणि मार्चपर्यंत रंग. दमट दिवशी मारलेला सेल्युलोजचा रंग पांढुरका पडतो. दारांच्या आणि उंबऱ्यांच्या तळाशी पाणी जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे तारेने मोकळी करा. चाळीस वर्षांची धूळ तिथे साचून चिखल झालेला असतो आणि अर्धा गंज त्यानेच आणलेला असतो.

सुट्या भागांची चिंता आज फार नाही, पण ती वाढत जाणार. पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात बनत होती आणि टॅक्सीही तीच असल्याने तिचे भाग मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या विकले गेले. टॅक्सी संपल्यावर दुकानदार नवा माल कशाला भरतील? म्हणून यादी करून पहिल्या सहा महिन्यांतच ऑपेरा हाउसजवळची दुकाने, कुर्ल्याचा भंगार बाजार आणि चोर बाजार पालथे घाला. ब्रेकचे किट, किंगपिन (पुढची चाके ज्यांवर वळतात ते खिळे) आणि त्यांचे बुश, काचांची रबरे, क्लच प्लेट हे आधी. क्रोमच्या पट्ट्या आणि दिव्यांच्या कडा मिळतील तेव्हा. जुना भाग सोबत न्या आणि शेजारी ठेवून मापाने ताडून घ्या, कारण 1964 च्या फियाट डिलाइटपासून शेवटच्या पद्मिनीपर्यंत वरून सारख्या दिसणाऱ्या वस्तूंत बारीक फरक आहेत. आणि नवा भाग बसून गाडी चालेपर्यंत जुना टाकून देऊ नका.

राहिला रंग. तो घरी मारू नका, हे आधी सांगतो. आजकाल वापरल्या जाणाऱ्या दोन घटकांच्या रंगाच्या हार्डनरमध्ये फुप्फुसांना कायमचा अपाय करणारी द्रव्ये असतात, साधा कापडी मास्क त्यांना अडवत नाही, आणि आपल्या गॅरेजच्या वर माणसे राहतात. घासणे आणि लांबी हे आपण करा, फवारणी मात्र रंगासाठी बंदिस्त बूथ असलेल्या ठिकाणी गाडी नेऊन करून घ्या. तोपर्यंत गाडी चाकांवर आणि ब्रेकसह असेल, तर हे सहज जमेल.

निळा की पांढरा, याचा निर्णय मी आपल्यासाठी करणार नाही, परंतु माझा कल लपवतही नाही : मूळ निळा. वडिलांनी पांढरा रंग मारला तेव्हा सगळीकडे पोचला नसेल. डिकीच्या रबरी मॅटखाली, डॅशबोर्डच्या मागे, ग्लोव्ह-बॉक्सच्या आत कुठेतरी 1978 चा निळा अजून जसाच्या तसा असेल. तेलकट थर पुसून, पॉलिशने हलकेच घासून, त्याचा तळहाताएवढा तुकडा उजेडात आणा. जुन्या छायाचित्रांवर विसंबू नका, त्यांचे रंग फिके पडलेले असतात. रंग जुळवणाऱ्याकडून छोट्या पत्र्यावर दोन-तीन छटा मारून घ्या, सकाळच्या उन्हात त्या तुकड्याशेजारी धरा आणि आईंना खाली गॅरेजमध्ये घेऊन या. बरोबर छटा कोणती, हे त्यांना सांगू द्या.